ब्रेकचे एस्टिमेट वाजवी की फुगवलेले?

प्रतिनिधी

मोटार सकाळी सर्व्हिसिंगला सोडावी आणि दुपारी ऐन कामाच्या वेळी वर्कशॉपमधून फोन यावा, हा अनुभव शहरातील बहुतेक मोटारमालकांच्या परिचयाचा आहे. 'साहेब, पुढचे पॅड संपलेत, डिस्कही बदलाव्या लागतील, मागचे लायनरही करून घेऊ. पंधरा-सोळा हजारांपर्यंत जाईल. करायचं का?' एवढ्या माहितीवर दोन मिनिटांत होकार वा नकार द्यायचा असतो. म्युझिक सिस्टीमचे वा सीटकव्हरचे काम असते, तर 'पुढच्या महिन्यात बघू' असे सांगून मोकळे होता आले असते. ब्रेकच्या बाबतीत तसे म्हणण्याचे धाडस होत नाही. घरातील माणसे त्याच मोटारीतून जाणार असतात.

या भीतीचा फायदा घेऊन गरज नसलेली कामे गळ्यात मारली जातात, ही ग्राहकांची जुनी तक्रार आहे. मात्र नाण्याला दुसरी बाजूही आहे. एकदा फसवले गेल्याची भावना झाली, की अनेक जण खरोखरच आवश्यक असलेली दुरुस्ती टाळतात किंवा मिळेल त्या स्वस्त दरात उरकून घेतात. पहिल्या प्रकारात पैसे जातात. दुसऱ्या प्रकारात जीव धोक्यात येतो. त्यामुळे एस्टिमेटचा आकडा मोठा आहे की लहान, यापेक्षा त्यातील प्रत्येक ओळीमागे कोणते कारण आहे, हे तपासणे महत्त्वाचे ठरते. त्यासाठी मेकॅनिक असण्याची गरज नाही. काम आवश्यक आहे हे कोणत्या मोजमापावरून ठरवले, सुट्या भागाची किंमत कोणती लावली आणि मजुरी व कर कसे आकारले, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की चित्र बरेचसे स्पष्ट होते.

यंत्रणा थोडक्यात

आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींना पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक असतात. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइलचा दाब चारही चाकांपर्यंत पोहोचतो. पुढच्या चाकांत कॅलिपर दोन्ही बाजूंनी पॅड आवळून फिरती डिस्क पकडतो. मागच्या चाकांत व्हील सिलिंडर लायनर लावलेले ब्रेक शू ड्रमच्या आतील बाजूवर दाबतो. या घर्षणातून मोटारीच्या गतीची ऊर्जा उष्णतेत बदलते. वेग दुप्पट झाला तर ही ऊर्जा चौपट होते.

ब्रेक लावताना मोटारीचा भार पुढच्या बाजूला झुकतो. साहजिकच पुढचे ब्रेक अधिक काम करतात आणि पुढचे पॅड मागच्या लायनरपेक्षा लवकर झिजतात. 'पुढचे आणि मागचे दोन्ही एकदमच संपले' असे सांगण्यात आले, तर ते अशक्य नाही. पण अधिक चौकशी करण्याजोगे निश्चित आहे.

पॅड किती किलोमीटर टिकावेत, याला ठाम उत्तर नाही. मुंबई-पुण्याच्या कोंडीत रोज चालणाऱ्या मोटारीचे पॅड महामार्गावर धावणाऱ्या मोटारीपेक्षा लवकर झिजतात. घाट उतरताना खालच्या गिअरचा वापर न करता सतत ब्रेकवर पाय ठेवणाऱ्यांचेही तसेच होते. याउलट इलेक्ट्रिक मोटारींत वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करते. त्यामुळे पॅडची झीज कमी होते. म्हणूनच 'चाळीस हजार झाले, आता बदलायलाच हवेत' हे पॅड बदलण्याचे पुरेसे कारण ठरत नाही.

मिलिमीटरमध्ये उत्तर मागा

'पॅड संपलेत' या वाक्याला विचारण्याचा पहिला प्रश्न एकच: किती मिलिमीटर उरले आहेत? नव्या पॅडवरील घर्षणाच्या थराची जाडी साधारणपणे दहा मिलिमीटरच्या आसपास असते. तो तीन मिलिमीटरपर्यंत आला की बदलण्याची तयारी करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. नेमकी मर्यादा मोटारीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत वा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते. ही जाडी मोजताना मागची लोखंडी पट्टी धरायची नसते.

हा आकडा हाती आला, की पुढचे गणित घरबसल्या करता येते. समजा, मोटार ४० हजार किलोमीटर धावली आहे आणि दहापैकी सहा मिलिमीटर पॅड शिल्लक आहे. म्हणजे ४० हजारांत चार मिलिमीटर झीज झाली. याच पद्धतीने वापर राहिला, तर तीन मिलिमीटरपर्यंत येण्यास आणखी ३० हजार किलोमीटर लागतील. आज पॅड बदलण्याचे कारण नाही. मात्र तेवढ्याच अंतरात पॅड चार मिलिमीटरवर आला असेल, तर सहा मिलिमीटर झिजले. उरलेला एक मिलिमीटर साडेसहा-सात हजार किलोमीटरमध्ये जाईल. पुढचे सर्व्हिसिंग दहा हजारांवर असेल, तर मेकॅनिकचा सल्ला योग्य आहे.

डिस्कच्या बाबतीत निकष अधिक काटेकोर आहे. किमान किती जाडीपर्यंत वापरता येईल, हे बहुतेक डिस्कवरच कोरलेले असते. ड्रमवर कमाल व्यास दिलेला असतो. कॅलिपरसारख्या साध्या मापकाने अथवा मायक्रोमीटरने ही मापे काही मिनिटांत घेता येतात. डिस्कवर बारीक रेषा उमटल्या आहेत किंवा पावसात उभ्या राहिलेल्या मोटारीच्या डिस्कवर तांबूस गंज आला आहे, एवढ्यावरून ती बाद होत नाही. वरवरचा गंज चार-सहा वेळा ब्रेक लावला की निघून जातो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे रोजचेच आहे. जाडी मर्यादेच्या खाली गेली असेल, डिस्कला तडे असतील किंवा खोल चर पडले असतील, तर मात्र ती बदलण्यावाचून पर्याय नाही.

शक्य असल्यास वर्कशॉपमध्ये जाऊन चाक उतरवलेल्या अवस्थेत पाहावे. जाणे शक्य नसेल, तर पॅडच्या आणि डिस्कच्या मापाची छायाचित्रे मोबाइलवर मागवावीत. हे मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही. चोख काम करणाऱ्या मेकॅनिकला पाच मिनिटांत हे दाखवता येते; जो टाळाटाळ करतो, त्याच्या एस्टिमेटकडे सावधपणे पाहावे.

लक्षण आणि उपाय जुळतात का?

मोटार ज्या तक्रारीसाठी नेली आणि जी दुरुस्ती सुचवली गेली, त्यांचा मेळ बसतो की नाही, ही दुसरी कसोटी.

ब्रेक लावताना सतत कर्कश, बारीक शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर पॅडवरील झीज दर्शवणारी पत्र्याची पट्टी डिस्कला घासत असण्याची शक्यता असते. आवाज खरखरीत, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा येत असेल, तर घर्षणाचा थर संपला आहे; मोटार चालवू नये. दमट सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला येणारा आणि नंतर थांबणारा आवाज हा सहसा दोष नसतो.

पेडलमध्ये किंवा स्टिअरिंगमध्ये ठोके जाणवत असतील, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही वा ती सरळ फिरत नाही, असा संशय घ्यावा. येथे केवळ पॅड बदलून भागत नाही. मर्यादेपेक्षा पुरेशी अधिक जाडी शिल्लक असेल, तर लेथवर टर्निंग मारून डिस्क वापरता येते.

मोटार ब्रेक लावताना एका बाजूला ओढली जात असेल किंवा एकाच चाकातील आतला पॅड बाहेरच्यापेक्षा फार झिजला असेल, तर कॅलिपरच्या पिना अडकल्या असण्याची शक्यता मोठी असते. त्या साफ करून योग्य ग्रीस लावले नाही, तर नवे पॅडही तसेच झिजतील. अशा वेळी 'कॅलिपर सर्व्हिस'ची ओळ एस्टिमेटमध्ये असणे योग्यच आहे. त्यासाठी पूर्ण कॅलिपर बदलण्याचे सुचवले गेले, तर मात्र पिस्टन अडकला आहे की गळती आहे, हे विचारावे.

पेडल स्पंजासारखे मऊ लागणे हे पाइपमध्ये हवा शिरल्याचे वा ब्रेक ऑइल खराब झाल्याचे लक्षण असू शकते. पेडल दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कोठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडर आतून गळत असण्याची शक्यता असते. ही दुरुस्ती खर्चिक असली, तरी पुढे ढकलण्याजोगी नाही.

ब्रेक ऑइलविषयी एक गैरसमज नेहमी आढळतो. पॅड झिजत जातात, तसे टाकीतील ऑइल खाली उतरते. त्यामुळे पातळी कमी दिसली की भर टाकणे हा उपाय ठरत नाही. आधी पॅड आणि गळती तपासावी. हे ऑइल हवेतील बाष्प शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. 'डॉट ४' प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषल्यानंतरची किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. लांब घाट उतरताना ब्रेक तापले आणि ऑइलमध्ये वाफ झाली, तर पेडल तळाला जाते. म्हणूनच अनेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलण्यास सांगतात. एस्टिमेटमधील ही बहुधा सर्वांत लहान ओळ असते. पण ती खोडण्याचा मोह टाळावा.

एका एस्टिमेटची उकल

पाच वर्षे वापरलेल्या, ४२ हजार किलोमीटर धावलेल्या एका लहान हॅचबॅकचे नमुन्यादाखल एस्टिमेट पाहू. यातील रकमा हिशेब समजण्यापुरत्या घेतल्या आहेत. मॉडेल आणि शहर यांनुसार त्या बदलतात.

सुटे भाग: पुढील पॅडचा संच २,२०० रुपये, दोन डिस्क ४,४०० रुपये, मागील ब्रेक शूचा संच १,६०० रुपये, ब्रेक ऑइल ४०० रुपये. एकूण ८,६०० रुपये.

मजुरी: पॅड बदलणे ७०० रुपये, डिस्क बदलणे १,२०० रुपये, कॅलिपर सर्व्हिस ९०० रुपये, शू बदलणे ८०० रुपये, मागील ब्रेकची साफसफाई व अ‍ॅडजस्टमेंट ६०० रुपये, ब्लीडिंग ६०० रुपये. एकूण ४,८०० रुपये.

या १३,४०० रुपयांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे २,४१२ रुपये. ग्राहकाला सांगितलेली रक्कम १५,८१२ रुपये.

पहिली तपासणी कराची. सुट्या भागांच्या खोक्यावरील छापील कमाल किंमत ही सर्व करांसहित असते. लावलेल्या किमती छापील किमती असतील, तर त्यांवर पुन्हा जीएसटी आकारता येत नाही. कर केवळ मजुरीवर, म्हणजे ८६४ रुपये. एकूण रक्कम १४,२६४ रुपयांवर येते. एका ओळीत १,५४८ रुपयांचा फरक पडला.

दुसरी तपासणी दुहेरी मजुरीची. डिस्क काढायची, तर कॅलिपर आणि पॅड आधी काढावेच लागतात. त्यामुळे डिस्क बदलण्याच्या मजुरीत पॅड बसवण्याचे काम येते. मागचे शू बदलताना ड्रम उघडला जातो, आतील भाग साफ होतो आणि अ‍ॅडजस्टमेंटही करावीच लागते. त्यासाठी वेगळे पैसे कशाचे, असे विचारता येते. या दोन ओळींचे १,३०० रुपये आणि त्यांवरील २३४ रुपये कर वगळला, तर रक्कम १२,७३० रुपये होते.

तिसरी तपासणी मापाची. डिस्कची जाडी मर्यादेच्या वर असेल आणि ठोके जाणवत नसतील, तर त्या बदलण्याचे कारण उरत नाही. मग डिस्कचे ४,४०० रुपये जातात आणि डिस्कच्या मजुरीऐवजी पॅड बदलण्याचे ७०० रुपये लागू होतात. भागांचे ४,२०० रुपये, मजुरीचे ३,००० रुपये आणि मजुरीवरील कर ५४० रुपये, असे एकूण ७,७४० रुपये. दरात एका रुपयाचीही घासाघीस न करता मूळ रक्कम निम्म्यापेक्षा खाली आली.

मात्र मापात डिस्क मर्यादेखाली आढळली, तर याच मोटारीसाठी १२,७३० रुपये हे वाजवी एस्टिमेट ठरते. अशा वेळी ७,७४० रुपयांत काम करून देणारा मेकॅनिक ग्राहकाचे भले करत नसतो.

मजुरीचा दर पटत नसेल, तर किती तासांचे काम धरले आहे, हे विचारावे. कंपन्यांच्या अधिकृत केंद्रांत प्रत्येक कामासाठी ठरावीक वेळ आणि दर यांचे तक्ते असतात. साध्या हॅचबॅकचे पुढचे पॅड बदलणे हे सरावलेल्या हातांसाठी साधारण तासाभराचे काम आहे. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या मोटारीत मागचे पॅड बदलण्यासाठी स्कॅनर जोडावा लागतो. एबीएसच्या काही मोटारींत ब्लीडिंगसाठीही त्याची गरज पडते. तेथे जादा मजुरी समजण्यासारखी आहे.

कर, बिल आणि किंमत

सप्टेंबर २०२५ पर्यंत अनेक सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांसाठी १८ टक्के हा एकच दर लागू झाला. एस्टिमेटमध्ये आजही २८ टक्क्यांची ओळ दिसली, तर लगेच हरकत घ्यावी. बिलावर १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक नसेल, तर कर आकारण्याचा अधिकारच नसतो. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असलेल्या छोट्या गॅरेजला सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. पण मग त्याने ग्राहकाकडून जीएसटी घ्यायचाही नसतो.

भागांची किंमत पडताळण्यासाठी एस्टिमेटमध्ये प्रत्येक भागाचा पार्ट नंबर लिहून घ्यावा. तो हाती असला, की दुसऱ्या डीलरकडे, संकेतस्थळावर किंवा पुण्यातील नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारात फोन करून किंमत विचारता येते.

ओरिजिनल भाग घ्यावा की अन्य कंपनीचा, हा नेहमीचा प्रश्न. मोटार कंपन्यांना ब्रेकचे भाग पुरवणारे ब्रेक्स इंडियासारखे उत्पादक स्वतःच्या नावानेही माल विकतात. असा भाग स्वस्त असू शकतो आणि तो घेण्यात गैर काही नाही. 'लोकल' या सबबीखाली विकला जाणारा, उत्पादकाचे नाव, पार्ट नंबर वा छापील किंमत नसलेला माल मात्र ब्रेकसाठी कोणत्याही किमतीत महागच पडतो. एस्टिमेटमध्ये ओरिजिनलचा दर लावून प्रत्यक्षात दुसरा भाग बसवला जाऊ नये, यासाठी नव्या भागांची रिकामी खोकी आणि काढलेले जुने भाग परत मागावेत. हे आधीच जॉब कार्डवर लिहून घेणे उत्तम.

कंपनीचे केंद्र की बाहेरचे गॅरेज?

वॉरंटीच्या काळात बाहेर काम केल्यास वॉरंटी जाईल, ही भीती ग्राहकाला अधिकृत केंद्राशी बांधून ठेवते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे स्वतंत्र गॅरेजना खुल्या बाजारात मिळू न देणे हा त्यामागील मुख्य आक्षेप होता. या आदेशाविरुद्ध कंपन्यांनी अपिले केली. पुढे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश आहे.

पॅड आणि लायनर हे झिजणारे भाग असल्याने ते सहसा वॉरंटीत येत नाहीत. वॉरंटी संपलेल्या मोटारीसाठी माहितीतल्या, मापे दाखवणाऱ्या आणि बिल देणाऱ्या स्वतंत्र गॅरेजकडून दुसरे एस्टिमेट घेणे शहाणपणाचे ठरते. दोन्ही एस्टिमेटमध्ये कामे तीच आहेत ना, हे पाहूनच रकमांची तुलना करावी. एकात दोन डिस्क आणि दुसऱ्यात फक्त पॅड असतील, तर ती तुलना निरर्थक आहे. पॅड, शू वा डिस्क एकाच चाकाची बदलण्याचे सुचवणारा कमी दरही नाकारावा. हे भाग एका अ‍ॅक्सलवरील दोन्ही चाकांना एकाच वेळी बदलायचे असतात. अन्यथा दोन बाजूंची पकड असमान होते.

फसवणूक झाली तर

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तू वा सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. छापील किमतीपेक्षा जादा आकारणी झाली असेल, तर वैधमापनशास्त्र विभागाकडेही तक्रार करता येते. प्रथम वर्कशॉपच्या व्यवस्थापकाला लेखी तक्रार द्यावी. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो. मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर तेथे शुल्क लागत नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. या साऱ्यासाठी एस्टिमेट, जॉब कार्ड, बिल आणि मापांची छायाचित्रे हाच पुरावा असतो. तोंडी होकारावर झालेल्या कामाची तक्रार सिद्ध करणे अवघड जाते.

होकार देण्यापूर्वी

- पॅड, लायनर आणि डिस्क यांची जाडी मिलिमीटरमध्ये विचारावी, छायाचित्र मागावे.
- प्रत्येक भागाचा पार्ट नंबर आणि छापील किंमत एस्टिमेटमध्ये लिहून घ्यावी.
- छापील किमतीवर पुन्हा कर लावलेला नाही ना, हे पाहावे.
- एकाच कामाची मजुरी दोन नावांनी लागलेली नाही ना, हे तपासावे.
- 'आज आवश्यक' आणि 'पुढच्या वेळी चालेल' अशी कामांची विभागणी करून मागावी.
- जुने भाग आणि नव्या भागांची खोकी परत घ्यावीत.
- मोटार ताब्यात घेताना जागेवरच पेडल तीन-चार वेळा दाबून ते घट्ट लागते का, हे पाहावे आणि मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात ब्रेक तपासावा. नवे पॅड नीट बसेपर्यंत पहिले दोन-तीनशे किलोमीटर शक्यतो जोरकस ब्रेक टाळावेत.

ही विचारपूस दहा मिनिटांची आहे. तीत आकडा फुगवलेला निघाला, तर काही हजार रुपये वाचतील. आणि मापे पाहून काम खरोखरच आवश्यक आहे असे आढळले, तर ते त्याच दिवशी करून घ्यावे; त्यात चालढकल करू नये.